त्यांना आपली सवय कळू देऊ नको

या खरिपापासून वावर तुझ्या हवाली. बी-बियाणं, भाव, बँक हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. राखणीचं मात्र चार शब्द ऐकून ठेव. रोही असो, रानडुक्कर असो की अळी, आपण रोज काय करतो हे त्यांच्या अंगवळणी पडतं. एकच इलाज धरून बसलास की त्यांचं फावलंच.

आधी माग काढ, मग इलाज कर. पहाटे धुऱ्याधुऱ्यानं एक फेरी मारायची. माती नांगरल्यासारखी उकरलेली आणि झाडं मुळासकट उपटलेली दिसली, तर रात्री रानडुकरं येऊन गेली. झाड उभं पण शेंडे खुडलेले, मधून मधून तुडवलेलं, तर रोही. त्याची आणखी एक खूण म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग. डुकरांची वाट बहुतेक नाल्याकडून असते. ती वाट सापडली की पहिला बंदोबस्त तिथंच कर, सगळ्या वावराला कुंपण घालत बसू नको.

भीती बदलती ठेव. धुऱ्याला बांधलेल्या जुन्या साड्या, चकाकती फीत, बुजगावणं, भोंगा, यातलं काहीही थोडेच दिवस चालतं. मग जनावर त्याच्या शेजारी उभं राहून चरतं. म्हणून आठवड्यानं जागा बदल, पंधरवड्यानं वस्तू बदल, आणि जागलीची वेळही ठरलेली ठेवू नको. रानडुकराची नजर कमजोर, नाक मात्र भारी तिखट. न्हाव्याकडचे केस त्याच्या वाटेवर पसरले की हुंगताना नाकात जातात आणि ते बिचकतं. पाऊस पडून गेला की केस पुन्हा टाकावे लागतात. रब्बीत हरभऱ्याभोवती करडईचे चार तास पेर. काटे धरले की जनावर आत शिरायला कुरकुरतं, आणि करडईचं तेल घरात येतं ते वेगळं.

तारेत लाईनचा करंट कधीच सोडायचा नाही. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर चालतं, क्षणभर झटका देतं आणि सोडतं. थेट लाईनची तार मात्र अंधारात जनावराआधी आपल्याच सालदाराला धरते. त्यात वाघ मेला, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तुरुंग आहे. पिकाचं नुकसान झालंच तर त्याच दिवशी फोटो काढ आणि वनरक्षकाकडे अर्ज दे. मुदत थोडी असते. पंचनामा होईपर्यंत आडवं झालेलं पीक हलवू नको.

अळी दिसली म्हणून पंप उचलू नको, आधी मोज. हरभऱ्यात तासात बसून एक मीटरभर झाडं नीट पाहायची. घाटेअळीचं अर्धं अंग घाट्यात आणि अर्धं बाहेर असतं, रंग पानासारखाच, म्हणून उभ्यानं ती दिसत नाही. मीटरला एक-दोन अळ्या सापडल्या तरच फवारणीचा विचार. अळी मोठी झाली की औषधालाही जुमानत नाही. तुरीत अशा वेळी दोघांनी तासात पोतं अंथरत जायचं आणि झाड हळूच हलवायचं. अळ्या टपाटपा पडतात, त्या साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

निंबोळी जूनमध्येच गोळा कर. पिकलेल्या निंबोळ्या वेच, गर धुऊन काढ आणि बिया सावलीत वाळव. पाच किलो बियांची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी फडक्यानं गाळ, दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी घाल आणि शंभर लिटर कर. झाला पाच टक्के अर्क. फवारायचा तो सांजच्याला, कारण उन्हानं त्याचा जोर जातो. त्यानं अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं सुटतं आणि कात अडते. म्हणून अळी लहान असतानाच मार, आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजायला जाऊ नको.

पाखरांना बसायला जागा दे. हरभरा पेरताना मूठभर ज्वारी मिसळ, नाहीतर एकरी वीस आडव्या काठ्या पिकाच्या हातभर वर रोव. कोतवाल आणि साळुंक्या दिवसभर अळ्या टिपतात. ज्वारीच्या वावरात मात्र दाणा भरायला लागला की काठ्या काढ, नाहीतर तीच पाखरं कणसावर बसतात.

पऱ्हाटीची उलंगवाडी वेळेवर कर. बीटी आलं तेव्हा बोंडअळीचं नाव निघेनासं झालं होतं. दरसाल तेच वाण, त्यावर फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही तीच पऱ्हाटी उभी. गुलाबी अळी त्यालाही सरावली आणि 2017 साली विदर्भातली बोंडं आतून किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. म्हणून पाकळ्या मिटून गुंडाळलेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की खुडून नष्ट कर. एकरी दोन कामगंध सापळे लाव. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठाच्या वर पतंग आले तर हात हलव, तोवर नाही. आणि डिसेंबर सरता सरता पऱ्हाटी उपटून टाक, चार बोंडांच्या आशेनं ठेवू नको. हे तू एकट्यानं करून भागणार नाही. पतंग धुरा ओळखत नाही, शेजाऱ्याची फरदड उभी असेल तर तुझी मेहनत पाण्यात. म्हणून दिवाळीनंतर पारावर बसून साऱ्या शिवाराचा उपटणीचा दिवस एकच ठरव. ज्याच्याकडे बैल नाही की माणूस नाही, त्याची पऱ्हाटी आधी उपटून दे.