संगणकावरील ‘ॲक्टिव्हेशन’ची सूचना : अर्थ व उपाय

दुरुस्तीस पाठविलेला शाळेचा संगणक परत येतो. गुरुजी तो सुरू करतात, तो पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही अक्षरे उमटलेली दिसतात. यंत्र बिघडले की काय, निकालपत्रके गेली की काय, अशी शंका मनात येते. ती निराधार आहे. या सूचनेमुळे एकही फाईल नष्ट होत नाही. पडद्याचे रंगरूप बदलण्याच्या सोयी तेवढ्या बंद होतात. नित्याचे काम चालू राहते. म्हणून प्रथम घाई सोडावी व कारण शोधावे.

ॲक्टिव्हेशन म्हणजे काय? विंडोज ही प्रणाली परवान्याने मिळते. तो परवाना खरा आहे आणि ठरल्याहून अधिक यंत्रांवर वापरला जात नाही, याची कंपनीकडून होणारी पडताळणी म्हणजे ॲक्टिव्हेशन होय. परवान्याची मुख्य रूपे दोन. एक, २५ अक्षरांची किल्ली. दुसरे, २०१५ सालच्या ‘विंडोज १०’ पासून आलेला डिजिटल परवाना. यात त्या यंत्राची खूण कंपनीकडे नोंदलेली असते. किल्ली पुन्हा घालावी लागत नाही.

आता उपायांचा क्रम पाहू.

१. संकेतांक वाचावा. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टीम’ व तेथून ‘ॲक्टिव्हेशन’ येथे जावे. (‘विंडोज १०’ मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या भागात पाहावे.) तेथे दिसणारा संकेतांक अक्षरशः वहीत उतरून घ्यावा. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसेच हे आहे.

२. तारीख व वेळ तपासावी. संकेतांकाच्या अखेरीस ‘७२एफ८एफ’ असल्यास हेच कारण बहुधा असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल (सीआर २०३२) जुना झाला, की यंत्र काही वर्षे मागची तारीख दाखवू लागते. इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रास आरंभीची व अखेरची तारीख असते. मागच्या काळात वावरणाऱ्या यंत्रास ते प्रमाणपत्र अद्याप लागू झालेले नाही असे वाटते आणि जोडणी नाकारली जाते. तारीख, वेळ व भारतीय प्रमाणवेळेचा विभाग दुरुस्त करून, इंटरनेट चालू आहे याची खात्री करून पुन्हा प्रयत्न करावा. तारीख पुनःपुन्हा मागे जात असल्यास सेल बदलून घ्यावा.

३. किल्ली नीट वाचावी. अखेरीस ‘एफ०५०’ असल्यास किल्ली चुकीची घातली गेली असण्याचा संभव असतो. किल्लीत ०, १ व ५ हे अंक येत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरेही येत नाहीत. तेव्हा गोल अक्षर दिसल्यास ते शून्य नसून ‘क्यू’ वा ‘डी’ असेल. ‘बी’ व ८, ‘जी’ व ६ यांतही गल्लत होते.

४. आवृत्ती जुळते का पाहावे. परवाना ‘होम’चा आणि दुरुस्ती करणाऱ्याने घातली ‘प्रो’, असे वारंवार घडते. मूळ परवान्याची आवृत्तीच घालून घ्यावी.

५. मदरबोर्ड बदलला का, हे विचारावे. ‘एफ२११’ हा संकेतांक यंत्राचे अंतर्गत भाग बदलल्याचे सांगतो. परवाना आधी शाळेच्या मायक्रोसॉफ्ट खात्यास जोडलेला असल्यास ‘ट्रबलशूट’ येथून तो परत मिळविता येतो. अन्यथा, तसेच ‘सी००८’ म्हणजे किल्ली मर्यादेहून अधिक यंत्रांवर वापरली गेल्याचा संकेतांक आल्यास, खरेदीचे बिल घेऊन विक्रेत्याकडे जावे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. “मास्तर, दोन मिनिटांत फुकट करून देतो,” असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. असा ‘क्रॅक’ चालविण्यासाठी बहुधा प्रथम ॲन्टिव्हायरस बंद करावा लागतो. पहारेकऱ्यास निजवून दार उघडण्यासारखेच हे झाले. आत कोण शिरले, हे आपणांस कळत नाही. आणि त्या यंत्रात तर मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांचे पत्ते असतात. ते पालकांनी आपणांवर विश्वासून दिलेले असतात. शिवाय, परीक्षेत नक्कल करू नये असे शिकविणाऱ्याने नकली परवान्यावर काम करणे शोभत नाही.

शेवटी एक कृती. या आठवड्यात शाळेतील प्रत्येक संगणकाची आवृत्ती, खरेदीची तारीख व बिलाचा क्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहावा. किल्ली मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात स्वतंत्र लखोट्यात ठेवावी. संगणक दुरुस्तीस देताना आवृत्तीची चिठ्ठी सोबत द्यावी. एवढे केल्यास पुढे येणाऱ्या शिक्षकाचाही त्रास वाचेल.