दाढेत भरलेली ‘चांदी’: कोणाला चालते, कोणाला नको

दाढ किडली की डॉक्टर ‘चांदी भरू’ म्हणतात. श्रीपूर आणि आसपासच्या वस्त्यांवर चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांच्या दाढांत ही काळपट चांदी आहे. हल्ली मोबाईलवर निरोप फिरतो की ती विषारी आहे, लगेच काढून टाका. वर्षावासात विहारात वंदनेनंतर काही भगिनींनी आम्हाला हेच विचारले. एकीला तर एका दवाखान्यात चारही दाढांची चांदी काढून नवे भरण करण्याचा मोठा खर्च सांगितला होता. तिला दुखत काहीच नव्हते.

नाव चांदी असले तरी त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील, तांबे आणि कधी थोडे जस्त, यांची पूड. (कथील म्हणजे भांड्यांना कल्हई करतात तेच.) पूड पाऱ्यात घोटली की मऊ गोळा होतो. तो दाढेच्या खड्ड्यात दाबून भरतात आणि काही मिनिटांत तो घट्ट होऊ लागतो. याला अमाल्गम म्हणतात. पूर्वी ते खलात घोटत. आता मोजून भरलेली कॅप्सूल यंत्रात हलवतात, त्यामुळे प्रमाण चुकत नाही आणि पाऱ्याला हात लागत नाही.

याचे प्रकार मुख्यतः तांब्यावरून पडतात. जुन्या प्रकारात पुडीतले तांबे सहा टक्क्यांपेक्षा कमी असे. त्यात कथील आणि पारा मिळून जे संयुग होते ते सगळ्यांत कमजोर. तेच आधी गंजते, भरणाच्या कडा तुटतात आणि फटीतून कीड पुन्हा आत शिरते. १९६० नंतरच्या काळात तांबे वाढवून साधारण १२ ते ३० टक्के केले गेले. तांबे कथिलाला आपल्याकडे ओढून घेते, म्हणून ते कमजोर संयुग जवळजवळ उरत नाही. आता बहुतेक ठिकाणी हेच वापरतात. पुडीचे कण कातीव की गोल यावरूनही प्रकार आहेत, पण ती निवड डॉक्टरांची.

जस्ताचे मात्र लक्षात ठेवा. जस्त असलेल्या मिश्रणाला भरताना लाळ लागली तर आत वायू तयार होतो, तीन-चार दिवसांनी भरण फुगते आणि दाढ ठणकते. डॉक्टर गालात कापूस ठेवून ‘तोंड मिटू नका’ म्हणतात ते यासाठी.

चावण्याचा दाब सोसणे हा अमाल्गमचा मोठा गुण. नीट भरले तर दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त टिकते. पण थर पातळ असला तर तडकते. ते दाताला चिकटत नाही, त्यामुळे अडकून राहावे म्हणून थोडा चांगला दातही कोरावा लागतो. गार-गरम त्यातून लवकर पोचते, पहिले काही दिवस कळ येऊ शकते. पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो. तोवर त्या बाजूने चावू नये, ऊस तर नाहीच.

आता पाऱ्याचे. घट्ट झालेल्या भरणातून चावताना पाऱ्याची अगदी थोडी वाफ निघते. भरण कोरून काढताना ती जास्त निघते. म्हणूनच शाबूत, न दुखणारी चांदी भीतीपोटी काढू नये. कड तुटली, खाली कीड लागली किंवा पाऱ्याची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांनी ठरवले, तरच काढावी.

नवीन भरताना विचार वेगळा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांच्या पोटात गेला. १९५६ मध्ये तो आजार उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या दातांत अमाल्गम भरू नये, अशी दुरुस्ती २०२२ मध्ये त्यात झाली. युरोपीय संघाने २०२५ पासून काही अपवाद सोडून ते बंदच केले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही ते टाळावे.

मग काय भरावे? दाताच्या रंगाचे कंपोझिट किंवा ज्याला लोक ‘सिमेंट’ म्हणतात ते ग्लास आयोनोमर. सिमेंट फ्लोराइड सोडते, लहान मुलांना चांगले, पण दाढेच्या मोठ्या खड्ड्यात लवकर झिजते. कंपोझिट भरताना दात पूर्ण कोरडा लागतो आणि खासगीत खर्चही जास्त. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. आधी अकलूज किंवा पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दातांच्या विभागाची चौकशी करा, मगच कर्ज काढायचा विचार करा. खुर्चीवर बसण्याआधी ‘काय भरणार आहात?’ हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे. गरोदर असाल तर तेही न लाजता सांगा.

आणखी एक प्रश्न विचारा: उरलेली चांदी कुठे टाकता? ती मोरीत गेली की गटारात जाते, कचऱ्यात जाळली की पाऱ्याची वाफ होते, आणि त्या गटारात, त्या कचऱ्यात हात घालणारी माणसे बहुधा आपल्याच वस्तीतली असतात. उरलेले अमाल्गम आणि चांदी भरलेले काढलेले दात घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे, त्यात पारा आहे हे सांगूनच द्यायचे असतात. आपल्या घरचे कोणी दवाखान्यात सफाईला जात असेल तर तो डबा तिथे आहे का, एवढे पाहून या.