बोनसचे तीनशे डॉलर

एडिसन, न्यू जर्सी

चि. सौरभ यास,


तू पाठवलेली बँकेची जाहिरात पाहिली. खाते उघडा, ३०० डॉलर मिळवा. पाठोपाठ आणखी तीन बँकांच्या जाहिराती टाकून 'आत्या, चारही उघडू का?' असे विचारलेस. यात फसवणूक काही नाही. पगार एकदा एका खात्यात पडू लागला की माणूस वर्षानुवर्षे ते हलवत नाही, हे बँका ओळखून आहेत. त्या गिऱ्हाइकासाठीच त्या पैसे मोजतात. मोजताना अटी मात्र घालतात, तेव्हा अटींचे पान आधी वाच, हिरवे बटण नंतर दाब.

पगार डायरेक्ट डिपॉझिटनेच यायला हवा, ही नेहमीची अट. आपल्याच दुसऱ्या खात्यातून झेलवरून ढकललेले पैसे सहसा धरत नाहीत. पगार पडायला मुदतही असते, बहुधा ९० दिवसांची. सहा महिन्यांच्या आत खाते बंद केले तर दिलेला बोनस परत कापून घेणाऱ्या बँका आहेत. आणि महिन्याची फी! समज ती १२ डॉलर आहे आणि किमान शिल्लक न राखल्याने सहा महिने बसली, तर ७२ गेले. बोनस व्याजात धरतात. वर्ष संपले की बँक १०९९-आयएनटी हा व्याजाचा फॉर्म धाडते. तुझ्या पगाराला २२ टक्क्यांचा टप्पा लागत असेल, तर ६६ सरकारजमा. डॅलसला राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे तुझे नशीब, आम्ही न्यू जर्सीकर तोही भरतो. तीनशेचे राहिले १६२. फी माफ होण्याची अट पाळलीस तर २३४. वाईट नाही, पण चार ठिकाणच्या तारखा सांभाळण्यात दोन शनिवार घालवलेस तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शिवाय पटापट खाती उघडल्याची नोंद चेक्ससिस्टम्स या खात्यांची माहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे राहते. ती पाहून पुढची बँक दार लावून घेऊ शकते. एका वेळी एकच खाते उघड.

बँक एफडीआयसीची सभासद आहे ना, एवढे पाहा. म्हणजे एका बँकेत अडीच लाख डॉलरपर्यंत तुझ्या नावच्या ठेवीला विमा आहे. नुसत्या ॲपवर 'एफडीआयसी' लिहिलेले पाहून भुलू नकोस. २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची, ॲप आणि बँका यांच्या मधली कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्याशी जोडलेली बँक एकही बुडाली नव्हती, तरी अशा ॲपवाल्या कितीतरी लोकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. कोणाचे किती, याचा हिशेबच जुळेना.

आता माझ्या मनातले. तुमच्या पेरोलच्या पोर्टलवर पगार दोन खात्यांत वाटून घेण्याची सोय बहुधा असेलच. नव्या खात्यात दर पगाराचा ठरावीक भाग वळव. बँकेने सांगितलेल्या रकमेइतका तरी. बोनसची अटही पुरी होईल आणि ते पैसे तुझ्या हाताला लागणारच नाहीत. त्या खात्याचे डेबिट कार्ड ॲपल पेमध्ये चढवू नकोस. इथे महिन्याला दोन पगार धरून घरखर्च बसवतात. दर दोन आठवड्यांनी पगार येत असेल तर वर्षात दोन महिने तीन पगारांचे निघतात. तो तिसरा पगार सगळाच तिकडे जाऊ दे. चार महिन्यांचे भाडे आणि खाणेपिणे निघेल एवढे साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तू एच-वन व्हिसावर आहेस. नोकरी गेली तर नवी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात, तेव्हा उसनवारी करायची वेळ येऊ नये. अन् कंपनी ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात स्वतःची भर घालते का, हे एचआरला आजच विचार. घालत असेल तर या साऱ्या जाहिरातींपेक्षा तो बोनस मोठा आहे आणि तो दरवर्षी मिळतो.

एक राहिलेच. दादाने पुण्यात तुझ्या नावे ठेवलेल्या एफडी आणि त्याच्याबरोबरचे जॉइंट खाते, सगळे मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेले, तर इथे एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. त्या फॉर्मपायी वेगळा कर नाही, पण न भरल्याचा दंड जबर आहे. दादाकडून आकडे मागवून घे. तो 'बघू' म्हणेल. वहिनीला फोन कर.

पगाराची कपात मोडायची नाही, एवढे माझे ऐक. बोनसचे पैसे आले की त्यांचे बूट घेतलेस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
आत्या