पाण्याखालचं कुरण

समुद्री गवताच्या मागे मी पाल्कच्या उपसागरात गेलो, लक्षद्वीपला गेलो, आपल्या खाड्यांतही फिरलो. त्यातून पटलेल्या या चार गोष्टी.

१. हे शेवाळ नव्हे. याला मुळं आहेत, चिखलात आडवं पसरणारं खोड आहे, पाण्याखाली फुलं येतात. मुळं गाळ धरून ठेवतात म्हणून पाणी निवळतं, निवळलं की ऊन तळापर्यंत पोचतं आणि गवत वाढतं. ट्रॉलरच्या जाळ्यानं तळ खरवडला की हेच उलटं होतं. गाळ उठतो, ऊन अडतं आणि जाळ्यातून वाचलेलं गवतही मरतं.

२. राखणदार होडीत बसलेला असतो. तंजावरच्या किनाऱ्यावर सरफोजीराजांनी १८१४ मध्ये बांधलेला मनोरा आहे. त्या बाजूला, पाल्कच्या उपसागरात, तामिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये डुगाँगसाठी, म्हणजे समुद्रगायीसाठी, ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलं. डुगाँग दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खातो आणि श्वास घ्यायला वर येतो. जाळ्यात अडकला की गुदमरतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतरानं. त्यामुळे एक मादी गेली तरी तूट भरून यायला फार काळ लागतो. अशा वेळी जाळं कापायचं की नाही, हे ठरवणारा मच्छीमार एकटा असतो आणि जाळं त्याच्या पोटापाण्याचं असतं. डुगाँग सोडणाऱ्याला तिथं बक्षीस देतात. माझ्या मते किनाऱ्यावरच्या फलकांपेक्षा हा पैसा जास्त कामाचा आहे, आणि तो लगेच हातात पडला पाहिजे.

३. एकच प्राणी वाचवून भागत नाही. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या उथळ पाण्यात हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली, की त्यांनी गवत पार खुडून टाकलं. गवतात लपणारी मासळी घटली आणि कोळी कासवांवर चिडले. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. पण कासवांना खाणारे मोठे शार्क माणसानंच कमी केले आहेत. जपायचं तर कासव, शार्क, गवत आणि कोळी सगळ्यांना एकत्र धरूनच.

४. आहे ते आधी राखा. पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटीला काथ्या बांधून त्यात गवताचे कोंब लावतात. काम सुंदर आहे, पण तळ शांत नसेल तर रोप टिकत नाही.

आपल्याकडे कांदळवनाला आता ओळख मिळाली आहे. त्याच्याच पायथ्याशी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात, हॅलोफिला बेकारी नावाचं बोटभर समुद्री गवत उगवतं. किनारा नियमन कायद्यानं समुद्री गवताला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवलं आहे. पण किनारा आराखड्याच्या नकाशावर नोंदच नसेल तर कायदा काय करणार? तुमच्या जिल्ह्याच्या किनारा आराखड्याची जनसुनावणी लागेल तेव्हा जा, नकाशा मागा, आणि खाडीतलं गवत त्यात दाखवलं नसेल तर लेखी हरकत द्या.