रक्ताचा कर्करोग ‘लागतो’ का?

मुरबाडकडच्या वस्त्यांत आरोग्याविषयी बोलायला बसलो की हा प्रश्न हमखास येतो. ‘विषाणूमुळे रक्ताचा कर्करोग होतो म्हणे, मग पेशंटचं ताट-तांब्या वेगळा ठेवायचा का?’ उत्तर आधीच सांगतो : अजिबात नाही.

मटणाच्या नळीत जो मगज असतो, तसाच आपल्या हाडांतही असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिथेच तयार होतात. तिथली एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली, की ल्युकेमिया किंवा मायलोमा होतो.

मग विषाणूंचा संबंध काय? काही ठिकाणी तो सिद्ध झाला आहे. एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे मोठ्या माणसांत एक प्रकारचा ल्युकेमिया होतो; नैर्ऋत्य जपानमध्ये तो अधिक आढळतो. पण लागण झालेल्या शंभरांतल्या सुमारे पंच्याण्णव जणांना हा कर्करोग कधीच होत नाही. ज्यांना होतो, त्यांना लागणीनंतर बहुधा कित्येक वर्षांनी होतो. १९६४ साली सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू तर जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतो. त्याचा संबंध काही लसिका-कर्करोगांशी आहे. मायलोमाचे मूळ एका विषाणूत असल्याचा दावा १९९७ साली झाला, पण इतरांनी तपासल्यावर तो टिकला नाही. म्हणजे विषाणू हे काही प्रकारांतले एक कारण आहे, सगळ्यांचे नाही. किरणोत्सर्ग आणि बेंझिनसारखी रसायनेही धोका वाढवतात.

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, कर्करोग नाही. सोबत जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो होत नाही. पाण्याच्या हक्कासाठी आपल्या माणसांनी १९२७ साली महाडला मार खाल्ला. त्यांच्याच घरात आजारी माणसाचा तांब्या वेगळा ठेवायचा?

काळजी घ्यायची ती इथे : इंजेक्शनची सुई नवीच हवी. म्हसाच्या यात्रेत गोंदवून घेतानाही सुई नवी आहे का ते पाहा. दाढीचे पाते दुसऱ्याचे वापरू नका. बाळाला जन्मताच हिपॅटायटीस-बीची लस द्या. ती यकृताचा कर्करोग टाळते.

लक्षणे ओळखा : न हटणारा ताप, अंग पांढरे पडणे, हिरड्यांतून रक्त, मार न लागता काळे-निळे डाग, हाडांचे दुखणे. मलेरिया किंवा अशक्तपणा समजून महिनाभर सलाईन लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात रक्ताची सीबीसी तपासणी मागा. शंका आली तर कल्याणहून लोकलने परळ गाठा. तिथे १९४१ पासून टाटा हॉस्पिटल आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतात. लहान मुलांतला ल्युकेमिया वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेकदा बरा होतो.

म्हणून पेशंटला वेगळे काढू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

जय भीम!