घरबांधणीच्या सीएनसी मेजास प्लाझ्मा कटर
सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये इलेक्ट्रॉनिक्स, तर हुगळीपलीकडे हावड्यात लोखंडकाम. स्वतः बांधलेल्या सीएनसी मेजावर प्लाझ्मा कटर बसविणे म्हणजे या दोन कौशल्यांची सांगडच होय. मात्र खर्चाचा हिशेब कटरच्या किमतीवर थांबू नये. उच्च वारंवारतेच्या ठिणगीने आर्क पेटविणारे यंत्र संगणकीय संकेतांत व्यत्यय आणते. स्पर्शाने पेटणारे घ्यावे. पत्रा तापून उचलला जातो. अंतरासोबत आर्कचे व्होल्टेज वाढते, त्यावरून टॉर्चची उंची राखणारे नियंत्रण हवेच. दमट बंगालमध्ये हवा कोरडी करणारा फिल्टर टाळल्यास नोझल लवकर झिजते. आणि धूर? पाण्याचे पात्र वगळून केलेली बचत कामगाराच्या फुफ्फुसांवर पडते. ॲल्युमिनियम कापताना मात्र पात्रात हायड्रोजन साचतो. तेथे खेळती हवा अत्यावश्यक.