कारखान्यातील बिनतारी जाळे : कोणते आणि कशासाठी?

यंत्रे आता तारेविना एकमेकांशी बोलू लागली आहेत. मोठ्या कारखान्यांतला हा विषय उद्या विक्रेत्यांमार्फत लहान कारखानदारांच्या दारीही येईल. नुसत्या '५जी' या नावावर भांडवल घालण्याआधी त्याचे काम समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

वायफायची वाट सर्वांना खुली असते. प्रत्येक उपकरण वाट मोकळी होईपर्यंत थांबते आणि मग बोलते. ऑफिसात अर्धा सेकंद उशीर झाला तर कळतही नाही. पण माल वाहणारी चालकविरहित गाडी तेवढ्यात कामगारावर जाऊ शकते. ५जीमध्ये कोणी केव्हा बोलायचे, हे जाळेच ठरवते. कारखान्यांना उपयोगी पडणारी त्याची बरीच मानके २०२० साली पक्की झाली. तातडीच्या निरोपासाठी एक सेकंदाच्या हजाराव्या भागाचे उद्दिष्ट आहे. मात्र ते उद्दिष्ट आहे, हमी नव्हे. लोखंडी यंत्रांवर लहरी आपटून परततात, म्हणून प्रत्यक्ष जागेवर चाचणी हवीच.

जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा स्थानिक वापरासाठी राखला. २०१९ पासून तेथील कारखानदार आपल्या जागेपुरता परवाना मागू शकतो. शुल्क जागा, पट्ट्याची रुंदी आणि वर्षे यांवर ठरते, त्यामुळे लहान कारखान्यालाही ते झेपते. भारतात खासगी जाळ्यांचे नियम जून २०२२ मध्ये आले. त्यांत दूरसंचार कंपनीकडून जाळे उभारून घेण्याची किंवा तिच्याकडून लहरींचा पट्टा भाड्याने घेण्याची वाट दिली आहे.

निवड कशी करावी?

१) माग किती वेळ बंद होता, मोटार किती तापली, एवढेच कळायचे असेल तर ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावरील लोरा पुरते. निरोप लहान असतात आणि बॅटरी वर्षानुवर्षे टिकते.

२) यंत्र जागचे हलत नसेल तर तारच स्वस्त आणि भरवशाची.

३) गाड्या, क्रेन, फिरते रोबो असतील तरच खासगी ५जीचा हिशेब मांडावा.

विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : जाळे तुटले तर यंत्र सुरक्षित थांबेल काय? याचे उत्तर कागदावर नव्हे, सर्व यंत्रे चालू ठेवून दाखवायला सांगावे. काहीही बसवले तरी यंत्र तातडीने बंद करण्याचे तारेचे बटण काढू नये. माल पुन्हा तयार करता येतो, कारागिराचा हात नाही.